गिळलेला र

४ फेब्रुवारी

पत्राच्या वर तुला काय म्हणायचं ते सुचेना, म्हणून जागा कोरी सोडली आहे. हवं ते तिथे लिहिलंय असं समज.

इस्पितळातली बाई म्हणाली, त्यांना बोलता येत नाही, पण त्यांच्या भाषेत साधं काही लिहिलेलं असलं तर हळूहळू वाचता येईल. म्हणून वाक्यं लहान ठेवते आहे. एका बैठकीत सगळं वाचू नकोस.

तुला काय झालं हे तुला कोणी नीट सांगितलं आहे का? सोमवारी सकाळी तू एका ऑफिसच्या इमारतीत, गच्चीवरच्या मशीनरूममध्ये होतास. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे थांबवून ठेवली होतीस. ती बराच वेळ सुरू होईना, म्हणून पहारेकरी तक्रार करायला वर आला. तू भिंतीला टेकून बसला होतास. पाना डाव्या हातात होता आणि उजवा हात मांडीवर पडला होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. त्याने विचारलं, बरं वाटत नाही का? तू म्हणालास, "येस." त्यानंतर तू दुसरा शब्द बोललेला नाहीस.

मेंदूत गुठळी होती. ती काढली आहे. जीव वाचला. उजवी बाजू आणि बोलणं यांतलं किती परत येईल, ते आत्ता कोणी सांगत नाही.

मला कसं कळलं म्हणशील, तर तुझ्या कंपनीच्या ओळखपत्रामागे माझा नंबर होता. अक्षर तुझं, नाव नाही. फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये कुणाच्या तरी पुढच्या दाताची कॅप घासत होते. पलीकडे इस्पितळाची समाजसेविका होती. तिला आपली भाषा येत नाही, सगळं इंग्रजीत चाललं होतं. तिने विचारलं, तुम्ही त्यांच्या पत्नी का? इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी खरं तेच सांगितलं. "फॉर्मली, येस." म्हणजे, कागदोपत्री आहे. पलीकडून टाइप केल्याचा आवाज आला आणि मग ती एकदम मऊ आवाजात म्हणाली, "ओह. आय अंडरस्टँड."

मला वाटलं, बाई समजूतदार आहे.

काही ठरवायचं असलं की ते मला फोन करतीलच. मी इथेच आहे.

— मी

१९ फेब्रुवारी

त्यांनी फोन केला नाही. मी केला. वॉर्डातल्या नर्सने नातं विचारलं. मी म्हटलं, पत्नी. तिने कुठेतरी पाहिलं आणि म्हणाली, माफ करा, माहिती फक्त घरच्यांना देतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग मी मालकांना सांगून सुट्टी घेतली आणि सकाळची गाडी धरली.

तुला मी दिसले का? वॉर्डाच्या दाराला काच आहे, तिच्याबाहेर उभी होते. तू डाव्या हाताने सूप पीत होतास. चमचा तोंडाशी येईपर्यंत रिकामा व्हायचा, तरी तू तो रीतसर तोंडात घालून बाहेर काढायचास. दाढी कोणीतरी छान केली होती. मला आत सोडलं नाही.

समाजसेविकेच्या खोलीत जाऊन बसले. टेबलावर नातेवाइकांसाठी कागदी रुमालांचा खोका आहे, त्यातला पहिला रुमाल अर्धा ओढून ठेवलेला. मी म्हटलं, "मला आत का सोडत नाहीत?"

"तुम्ही स्वतःच सांगितलंत ना, फॉर्मरली."

"फॉर्मली."

"हो, तेच."

"तेच नाही. तुमच्या शब्दात मधे एक जास्तीचा र आहे."

तिने स्क्रीन माझ्याकडे वळवला. माझ्या नावापुढे लिहिलं होतं, माजी पत्नी.

आता हे जरा सावकाश वाच. फॉर्मली म्हणजे रीतसर, कागदोपत्री. फॉर्मरली म्हणजे पूर्वी, एके काळी. एकात बायको आहे, दुसऱ्यात होती. मधे एवढासा र, आणि तिच्या भागातली माणसं तो र गिळतात. ती कसनुसं हसून म्हणाली, आमच्या कानांना हे दोन्ही शब्द एकच. कोण काय म्हणतंय ते आम्ही आवाजावरून ओळखतो. तुमचा आवाज... मला तो 'होती'सारखा वाटला.

तिची चूक तशी फार मोठी नव्हती.

"आत्ताच दुरुस्त करते," ती म्हणाली. बोटं कीबोर्डवर ठेवली आणि तशीच थांबली. "पण मग सगळं तुम्हाला विचारावं लागेल."

"सगळं म्हणजे?"

"ते कुठे राहणार, त्यांच्यासोबत कोण असणार, आंघोळ कोण घालणार. सध्या आम्ही भावाला विचारतो."

"भाऊ करतोय ना?"

"फार मनापासून."

"मग राहू द्या," मी म्हटलं.

"राहू देऊ?"

"सध्या."

हे तुला तुझा धाकटा भाऊ सांगणार नाही, कारण त्याला माहीत नाही. म्हणून मी सांगते आहे. कुणीतरी चूक करावी आणि ती नेमकी आपल्या सोयीची निघावी, असं माझ्या बाबतीत फारसं घडत नाही. परतीच्या गाडीत मला खिडकीजवळची जागा मिळाली आणि चक्क झोप लागली.

आपण एकदा कडाडून भांडलो असतो, तर कागद झाले असते. पण तू वर्षभरासाठी म्हणून बदली घेतलीस, मी लॅब सोडून आले नाही. वर्ष संपलं तेव्हा तू काही म्हणाला नाहीस, मीही विचारलं नाही. मग भिजत घोंगडं पडलं ते पडलंच. मुलीच्या लग्नात शेजारीशेजारी उभे राहिलो, लोक म्हणाले जोडा छान दिसतो. निघताना तू मला स्टेशनवर सोडायला गाडीची किल्ली घेऊन आलास, तोवर मी टॅक्सी केली होती. त्याला आता किती वर्षं झाली, ते तुला आठवत असेल तर असू दे.

धाकटा तुझं बघतोय, हे चांगलं आहे. त्याला तू लहानाचा मोठा केलास.

— मी

३ मार्च

काल धाकट्याचा फोन आला. अजून वहिनीच म्हणतो.

"वहिनी, महिनाअखेर दादाला माझ्याकडे नेतोय."

"त्याला विचारलंस?"

"विचारलं ना! समाजसेविकेसमोर विचारलं. येस म्हणाला."

"आणि जाऊबाई?"

"ती काय म्हणणार? मागचा व्हरांडा बंद करून घेतलाय. पलंग टाकलाय, नवी गादी आणलीये. खिडकी आहे."

"त्याचा व्यायाम, बोलायला शिकवतात ते?"

"ते आमच्या गावात नाही मिळत. पण घरची माणसं आहेत. माणूस घरच्यांत बरा होतो, वहिनी."

मी गप्प बसले. इस्पितळाच्या लेखी मी माजी. माजी माणसाने मधे बोलू नये.

मग रात्रीचं जेवण करत होते तेव्हा मुलीचा फोन. तिच्याकडे तेव्हा दुपार असते. म्हणाली, "आई, बाबा कशालाही येस म्हणतात, तुला माहितीये?"

"म्हणजे?"

"मी व्हिडिओवर विचारलं, बाबा, मी हुशार आहे का? येस. मी गाढव आहे का? येस. मला हसू आलं. मग म्हटलं, बाबा, ठेवू का फोन? येस. ठेवला. तर पाच मिनिटांत नर्सने परत लावून दिला, म्हणाली, ते रडताहेत."

मी ताट बाजूला सरकवलं.

"काकांना सांगितलं, तर ते म्हणाले, तू सातासमुद्रापार, तुला काय कळणार. इस्पितळवाले म्हणतात, जे इथे आहेत त्यांचंच चालेल, पत्नी किंवा भाऊ. आणि पत्नी म्हणे माजी आहे. आई, तू नक्की कोण आहेस?"

"विचार करते," मी म्हटलं.

"कर. महिना संपायच्या आत कर."

वाढलेलं तसंच झाकून ठेवलं. तुझ्या येसबद्दल विचार करत बसले. पूर्वी तुझ्याकडून होकार काढायचा म्हणजे दगडातून पाणी काढणं. कुठे जायचं विचारलं तर बघू, काय खायचं विचारलं तर बघू. आता तू सगळ्यांना हवं ते देत सुटला आहेस, आणि त्यातलं तुला काय हवं ते कोणालाच ठाऊक नाही.

— मी

८ मार्च

दुरुस्ती करून घेतली. फोनवर तिला एकेक अक्षर सांगितलं, र आला तिथे थांबून म्हटलं, हा इथे नको. तिने विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, नक्कीचा प्रश्न नाही, बरोबर काय आहे ते सांगितलं.

त्यानंतर बायकोच्या नात्याने पहिली गोष्ट ही केली की तुला हलवणं थांबवलं. आठवड्याभरात सगळ्यांनी समोरासमोर बसून ठरवायचं आहे.

मग धाकट्याला फोन केला. तुला त्याने वेगळं सांगितलं असेल, म्हणून जसं झालं तसं लिहिते.

"वहिनी, इतकी वर्षं कुठे होतात?"

"होते तिथेच. पत्ता बदललेला नाही."

"दादा हर्नियाच्या ऑपरेशनला एकटा निघाला होता, माहितीये तुम्हाला?"

"नाही."

"नसणारच. मी गेलो होतो. त्याचे डबे मी धुतले. आणि आता आयत्या वेळी तुम्ही कागद दाखवताय?"

त्याचं म्हणणं खरं होतं. मी तसं सांगितलं. पण मग हेही म्हटलं, "तो येस म्हणाला ते उत्तर नव्हतं रे. त्याला मीठ हवं का विचार, विष हवं का विचार, तो येसच म्हणणार."

"म्हणजे मी त्याला विष देतोय?"

असं म्हणून त्याने फोन ठेवला. उदाहरण चुकलंच माझं.

— मी

१७ मार्च

परवाचं सगळं तुझ्यासमोर झालं. तरी स्पीच थेरपिस्ट म्हणतो, लिहून द्या, झालेलं वाचलं की त्यांच्या डोक्यात ते पक्कं बसतं. आणि काही गोष्टी तुझ्या पाठीमागेही झाल्या.

हा थेरपिस्ट मला आवडला. टकलू आहे, मोठ्याने बोलतो, आणि तुझ्याशी बोलताना तुझ्याकडेच बघतो. मला आणि धाकट्याला बाहेर बसवून त्याने आधीच बजावलं होतं, "येस त्यांच्या ताब्यात नाही. तो शिंकेसारखा बाहेर पडतो. तेव्हा त्यांना विचारायचं नाही, त्यांच्यासमोर ठेवायचं." मग कोरी कार्डं आणि जाड पेन माझ्या हातात दिलं.

मी पहिल्या कार्डावर लिहिलं, धाकट्याकडे. दुसऱ्यावर लिहिलं, माझ्याकडे. धाकटा गाल फुगवून बसला होता, पण त्याने वाचलं आणि म्हणाला, "वहिनी, हे कार्ड दादाने उचललं, तर माझ्याकडे म्हणजे कोणाकडे? त्याच्याकडे की तुमच्याकडे?"

बरोबर होतं. कार्ड फाडलं. नवं घेतलं. आता काय लिहायचं? नाव लिहावं, तर तू मला नावाने कधी हाक मारलीस ते आठवेना. शेवटी लिहिलं, बायकोकडे. इंग्रजीत एवढा घोळ झाला, आपल्या भाषेत तो शब्द नुसता उभा राहिला. तिसरं कार्ड लिहायचं धाकट्याच्या मनात नव्हतं. मी लिहिलं, स्वतःच्या खोलीवर.

पुढचं तुला माहीत आहे. तू तिन्ही कार्डांवरून डावं बोट फिरवलंस. माझ्यावर जरा थांबलास, की मला तसं वाटलं. मग तिसरं उचललंस. थेरपिस्टने कार्डं पिसून पुन्हा मांडली, तू पुन्हा तेच उचललंस. त्याने ते परत मागितलं तर तू ते मांडीखाली दाबून ठेवलंस आणि खिडकीबाहेर बघू लागलास. तो तुझा जुना चेहरा होता. मी ओळखला.

मला हायसं वाटलं. थोडं लागलंही. या दोन गोष्टी एकाच वेळी होतात, हे लिहून ठेवते.

मग आम्ही बाहेर गेलो ना, तेव्हा धाकटा मशीनमधली कॉफी घेऊन बाकड्यावर बसला आणि रडला. म्हणाला, "मी किती दुकानं फिरून गादी आणली होती."

"मलाही नाही उचललं त्याने," मी म्हटलं.

त्यावर तो रडता रडता हसला. रुमाल शोधू लागला, मी पर्समधला दिला.

"तीन मजले आहेत, वहिनी. लिफ्टवाल्याच्या घराला लिफ्ट नाही."

"मग चढायला शिकवतील."

"आणि कोण थांबणार तोवर?"

"इस्पितळ थांबेल. मी बायको आहे, मी सांगते त्यांना."

बैठकीत मी तेच सांगितलं. मोठ्या डॉक्टरांनी सुस्कारा टाकला, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, जून. जूनपर्यंत ठेवू. तुझ्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहतो तो तुझा कामातला जोडीदारही बैठकीला आला होता. सकाळ-संध्याकाळ डोकावून जाईन म्हणाला. धाकट्याने त्याला माझ्यापेक्षा जास्त प्रश्न विचारले.

— मी

२८ एप्रिल

रविवारी झालं ते लिहून ठेवायलाच हवं.

जिन्याचा सराव चालला होता. चांगला पाय आधी वर, वाईट पाय मागून. तू चौथ्या का पाचव्या पायरीवर अडकलास. कठडा धरून नुसता उभा. घाम कानामागून शर्टात उतरत होता. मला बघवेना. मी म्हटलं, "ऐक. माझ्याकडे ये राहायला. तळमजला आहे."

कार्ड नव्हतं, काही नव्हतं. विचारायचं नाही हा नियमही मी विसरले.

तू माझ्याकडे वळलास. तोंड उघडलंस. जीभ आत काहीतरी चाचपत होती, मला दिसत होतं. मला वाटलं आता येस येणार, आणि मग मी काय करणार? तेवढ्यात तू म्हणालास, "नाही."

स्वच्छ म्हणालास. आपल्या भाषेत.

थेरपिस्ट खाली उभा होता. त्याला कळेना. "काय म्हणाले? काय म्हणाले ते?"

मी म्हटलं, "नो म्हणाला."

तो एवढ्याने ओरडला की दोन नर्सेस धावत आल्या. मग त्यांनीही टाळ्या वाजवल्या. नवऱ्याने सगळ्यांदेखत नकार दिला आणि लोक माझं अभिनंदन करताहेत, असं कोणाच्या नशिबी येत असेल? तू दिवसभर नाही म्हणत होतास. जेवणाला नाही, गोळीला नाही, मोज्यांना नाही. संध्याकाळी मी निघते म्हटलं, त्यालाही नाही म्हणालास. पण तोवर तू दमला होतास, त्यामुळे ते मी धरलं नाही.

मी मनापासून विचारलं होतं का, ते मला सांगता येणार नाही. तू मात्र मनापासून सांगितलंस.

आणखी एक. वकिलाचा, म्हणजे घटस्फोटाचा, विषय मी गेल्या खेपेला कार्डांवर लिहून आणला होता. तसंच ठेवू, आणि, मोडून टाकू. पर्समधून काढायचा धीर झाला नव्हता. रविवारी नकार मिळाल्यावर धीर आला, म्हणून तू जेवल्यावर समोर ठेवली. तू बराच वेळ घेतलास. मग 'तसंच ठेवू'वर बोट ठेवलंस, आणि डावा हात पसरून आधी माझ्याकडे दाखवलंस, लांब, खिडकीबाहेर, मग स्वतःकडे. तू तिथे, मी इथे. मी म्हटलं, "कळलं. मलाही तसंच हवं आहे."

कोणी पुन्हा फोनवर नातं विचारलं, तर आता फॉर्मली हा शब्द वापरणार नाही. नुसतं हो म्हणेन.

— मी

१४ जून

तुझ्या खोलीचं दार तू लावून घेतल्यावर बाहेर काय झालं ते तुला माहीत नाही. म्हणून हे.

वर चढायला तुला किती वेळ लागला ते मोजलं नाही. धाकटा मागून खुर्ची घेऊन चढत होता, प्रत्येक वळणावर ती ठेवत होता, आणि तू एकदाही बसला नाहीस. जोडीदार वरून सूचना देत होता. तू त्याच्याकडे असं बघितलंस की तो गप्प झाला. कुलूप तू डाव्या हाताने उघडलंस. आत धूळ होती, चपलांच्या शेजारी पान्यांची पेटी होती, खिडकीत एक कप पालथा घातलेला होता. मी झाडू शोधू लागले. तू दाराकडे हात केलास. धाकट्याला वाटलं पाणी हवंय. मला कळलं.

तर आम्ही तिघं बाहेर आलो आणि तू दार ढकललंस. जोडीदार खाली गेला. मी आणि धाकटा जिन्यात उभे राहिलो.

आत तुझा पाय फरशीवर घासत आला. मग कडीला हात लागल्याचा आवाज. कडी सरकली, आणि निसटली. पुन्हा सरकली, पुन्हा निसटली. धाकटा दाराकडे झेपावला. मी त्याचा हात धरला.

तो कुजबुजला, "कडी कशाला लावतोय? आत पडला तर दार कोण उघडणार?"

"तोडू दार. सुतार मिळतात."

"वहिनी, पण..."

"थांब."

मग बराच वेळ कडीचा आवाज नाही. धाकट्याच्या मनगटाची नाडी माझ्या बोटांना लागत होती. आत तू श्वास घेत होतास, तोही ऐकू येत होता. मला एकदा वाटलं, आता हाक मारावी. काय म्हणून मारणार होते, कोण जाणे.

मग लोखंड लोखंडात गेल्याचा आवाज आला. बसली. त्यावर तू ती एकदा ओढून पाहिलीस, घट्ट लागली की नाही ते, आणि तुझा पाय सावकाश आतल्या खोलीकडे गेला.

धाकट्याने खुर्ची उचलली. "चला, वहिनी," तो म्हणाला. आम्ही खाली उतरलो.